एका घराचा एकच मेल

इझ्वोरोवो, सोमवार

प्रिय कामेन,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यातून फार काही वाचू नकोस. कागदावरचं पत्र पाहून तुला हसू येईल. पण मेलला तू उत्तर देत नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि जिथे जिथे माणूस माणसाला गाठू शकतो तिथे तिथे तू मला बाहेर ठेवलं आहेस. व्हिएन्नातल्या तुझ्या टपालपेटीला मात्र अजून पासवर्ड लागत नाही. तेव्हा हे तुझ्यापर्यंत पोचेल. मधलं वाचणं तुला जड जाईल, ठाऊक आहे मला, पण शेवट तरी वाच. तो तुझ्या कामाचा आहे.

आधी तुझ्या आईची खबर. तब्येत बरी आहे, गुडघा थंडीत दुखतो आणि ऊन पडलं की विसरतो. तू पाठवलेलं ते चाळीस प्रकारच्या कॉफ्या करणारं यंत्र तिनं टेबलाखाली ठेवलंय, वर मेणकापड घातलंय, आणि कॉफी अजून त्या जुन्या पितळी भांड्यातच करते. मला अजून सूनबाई म्हणते. मी शंभरदा सांगितलं, ‘काकू, आमचं संपलं, दोन वर्षं होत आली.’ तर म्हणते, ‘तुमचं संपलं असेल, माझं कुठे संपलंय? बस, जेव.’ मी बसते आणि जेवते. घास गिळताना काय होतं ते मी तिला कधी सांगितलं नाही. काल क्षमेचा रविवार झाला, आणि काल तिच्या बाबतीत जे घडलं ते मला तुला सांगायचंच आहे. पण त्यासाठी आधी मागचं सांगावं लागेल, कारण विसरण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

आपली प्लोव्दिवची ती खोली आठवते ना, खाली बेकरी आणि वर आपण? सकाळी चीज भरलेल्या बानित्साची पहिली परात भट्टीतून निघाली की निम्मं काम बंद पडायचं. ‘शेजारीण’ ही साइट राश्कोच्या मालकीची, पण चालवायचो तू आणि मी. म्हाताऱ्याकोताऱ्यांची उठबस करायला इटलीला जाणाऱ्या आपल्या बायकांसाठी ती होती. कुठलं घर बरं, कुठली मालकीण फ्रीजला कुलूप लावते, कुठल्या म्हाताऱ्याच्या हातापासून जपून राहायचं, हे सगळं त्या तिथे एकमेकींना सांगायच्या. आणि मुख्य म्हणजे पाळ्या तिथेच लागायच्या. एका घरावर दोघी, तीन महिने एक, तीन महिने दुसरी. पहिली बसमधून उतरायच्या आत दुसरी निघालेली. म्हणून प्रत्येकीच्या खात्यात घराचा पूर्ण पत्ता, दारावरची खूण, म्हातारीच्या औषधांच्या वेळा असं सगळं लिहिलेलं असायचं, आणि ते तिला स्वतःला आणि तिच्या जोडीदारणीला सोडून कुणाला दिसत नसे. साइट उभी होती ती याच भरवशावर.

पासवर्डचं मात्र हसावं की रडावं. विसरणाऱ्यांचे फोन माझ्याकडे यायचे. ‘पोरी, तो शब्द मी कॅलेंडरवर लिहिला होता गं, महिना संपला तसं जावयानं पान फाडलं.’ ‘बाई, माझा पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव, आता तो वारला, तर बदलावा लागतो का?’ तू माझ्या आवाजाची नक्कल करून दाखवायचास आणि राश्को टेबलावर हात आपटत हसायचा. शेवटी तोच वैतागला. म्हणाला, ‘काढा ते पासवर्ड. सगळ्यांच्या फोनमध्ये त्या मोठ्या कंपनीचं मेलखातं असतंच. एक बटण लावा. दाबलं की ती कंपनी सांगेल बाई कोण आहे, आपण आत घ्यायचं. जगभर हेच चालतं.’ खरंच चालतं. बटणात काही खोट नव्हती. खोट तू घातलीस, आणि मी ती डोळ्यांनी पाहून पुढे जाऊ दिली.

तुला नव्यानं समजावून सांगायची गरज नाही, पण सांगणार आहे, कारण हे मी आज दुसऱ्या कुणाला साध्या शब्दांत सांगितलं आणि तिला ते एका दमात कळलं. बटण दाबणाऱ्याचा मेल कोणता, एवढंच ती कंपनी आपल्याला कळवायची. पुढचं आपल्या हातात. त्या मेलचं जुनं खातं आपल्याकडे असेल, तर एकदा, आयुष्यात फक्त एकदा, जुना पासवर्ड विचारायचा आणि मगच ते खातं बटणाला जोडायचं. तू तो प्रश्नच गाळलास. मेल जुळला की माणूस तोच, उघडा दार. तुझा कोड तपासणं हे माझं काम. मी विचारलं होतं, ‘आणि एका मेलवर दोन माणसं असली तर?’ तू खुर्ची गर्रकन फिरवून म्हणालास, ‘एका टूथब्रशवर दोन माणसं असतात का गं? तुझ्या पणजीचं घर सोडून?’ राश्को हसला. मीही हसले. मग म्हणालास, ‘आणि विसरलेलाच पासवर्ड विचारायचा, तर बटण लावायचं कशाला?’ हे पटण्यासारखं होतं. तेव्हा मला तुझं सगळंच पटायचं. मी शेजारी ‘ठीक’ लिहिलं आणि बेकरीतून तुझ्यासाठी गरम बानित्सा घेऊन आले.

पण कामेन, मला माहीत नव्हतं, तुला होतं. तुझ्या सख्ख्या वेलिका मावशीकडे नवा फोन आला त्या नाताळात, इथे, तिच्या याच घरात, शेगडीजवळ बसून तो मेल उघडून देणारा तू. तिचा नवरा गांचो म्हणाला होता, ‘दोन कशाला? घर एक तर मेल एक.’ आणि तू मावशीचं आणि त्याचं नाव जोडून एक पत्ता करून दिलास. आपल्याकडच्या निम्म्या गावांत हेच आहे, घराला एक पंप तसा घराला एक मेल. गांचोचा हात कसा चालायचा हेही तुला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मावशी एका पिशवीनिशी इटलीला निघाली ती मार्चमध्ये. दुसरा मेल कसा काढायचा हे तिला येत नव्हतं, म्हणून त्याच मेलवर तिनं आपल्या साइटवर खातं उघडलं, आलेला एकुलता एक निरोप फोनमधून पुसून टाकला, आणि पासवर्ड फक्त डोक्यात ठेवला. तो फोन गांचोकडेच सोडून गेली. ‘आपल्या कामेनची साइट आहे, तिथे भीती नाही,’ असं ती तुझ्या आईला म्हणाली होती.

मग बटण लागलं, आणि राश्को म्हणाला, सगळ्यांना कळवा. खातं उघडतानाचा तो एक निरोप सोडला, तर तोवर आपण बायकांना कधीच मेल पाठवत नव्हतो. तो मजकूर माझा. ‘पासवर्ड विसरलात? आता आठवायला नको. बटण दाबा, दार उघडेल.’ मला फार आवडला होता तो, तुला दोनदा वाचून दाखवला. तेराशे बायकांना गेला. त्यातला एक इझ्वोरोवोला, गांचोच्या हातातल्या फोनवर. त्यानं बटण दाबलं आणि दार उघडलं.

पाचव्या दिवशी तो इटलीत, बारी शहराजवळच्या त्या गावात हजर. मावशी तिच्याकडच्या म्हातारीला चाकांच्या खुर्चीत बसवून, औषधं घेऊन परत येत होती. म्हातारी इतकी ओरडली की समोरच्या गॅरेजातले दोघं धावले, म्हणून मावशी जिवंत आहे. उजवा हात तीन ठिकाणी मोडला आणि बोटं पुन्हा नीट मिटलीच नाहीत. पोलीस गांचोला नेत होते तेव्हा तो वळून हसला आणि म्हणाला, ‘माझ्यावर कशाला चिडतेस? तुझ्या रक्ताच्या माणसानंच पत्ता दिला.’ बटणानं दिला असं सांगण्यात त्याला काय गंमत? बायकोला आणखी कुठे मोडता येईल ते त्याला बरोबर कळत होतं. पत्ता माणसांत फक्त तुझ्या आईला माहीत होता. जोडीदारीण रुसेकडची, तिनं गांचोचं नावही ऐकलेलं नव्हतं. इस्पितळातून मावशीनं तुझ्या आईला एकच फोन केला. ‘मिन्के, पत्ता दोनच ठिकाणी होता. तुझ्याकडे आणि त्या साइटवर. साइटला पासवर्ड आहे.’ आणि ठेवला.

तुझ्या आईनं रडत रडत मला हे सांगितलं त्याच दुपारी मी साइटवरच्या नोंदी उघडल्या. मंगळवार, सकाळी दहा चाळीस, वेलिका मावशीच्या खात्यात नव्या बटणानं प्रवेश, इझ्वोरोवोकडून. तुला बोलावून दाखवलं. तू पांढराफटक पडलास, हे मी नाकारत नाही. मग खाली बसलास आणि दहा मिनिटांत तो गाळलेला प्रश्न जागेवर घातलास. दहा मिनिटं, कामेन! कॉफी गार व्हायलाही जास्त वेळ लागतो. आणि बदलाच्या शेजारी कारण म्हणून काय लिहिलंस आठवतं? ‘किरकोळ सुधारणा.’

राश्कोची तेव्हा साइट विकायची बोलणी चालू होती. व्हिएन्नाचे लोक ती घेणार होते आणि तिच्याबरोबर तुलाही. तू माझे दोन्ही हात धरलेस. ‘इस्क्रे, सही होईपर्यंत गप्प बस. मग मी स्वतः मावशीकडे जातो, गुडघे टेकतो, सगळं सांगतो. तुझी शपथ.’ सही झाली. पहिल्या महिन्यात ‘जरा स्थिरावू दे’. तिसऱ्या महिन्यात ‘आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?’ सहाव्या महिन्यात आपण एकमेकांचे कुणी उरलो नाही. त्या तेराशे बायकांनाही कुणी अवाक्षर कळवलं नाही. आणखी किती घरांत ते बटण भलत्याच बोटानं दाबलं गेलं, देव जाणे. मीही गप्प राहिले. आधी तुझ्यासाठी, मग लाजेनं, पुढे पुढे नुसती सवय म्हणून. माझा वाटा मी तुझ्या गळ्यात घालत नाही. मला त्याची शिसारी येते आणि तो माझाच आहे.

तू निघून गेलास, मी मात्र इथेच होते, म्हणून पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. मावशीनं तुझ्या आईचा फोन पुन्हा उचलला नाही. क्षमेच्या रविवारी धाकटीनं थोरलीच्या हाताचं चुंबन घेऊन ‘माफ कर’ म्हणायचं, थोरलीनं ‘माफ केलं’ म्हणायचं आणि हलवा खायचा, एवढं साधं असतं. गेली दोन वर्षं त्या दिवशी तुझी आई सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसायची. दर तासाला लावायची. नुसती रिंग वाजायची. मग तिला स्वतःचाच संशय यायला लागला. ‘इस्क्रे, मी बाजारात कुणाजवळ बोलले असेन का गं? त्या दहीवालीजवळ? की गुंगीत, ते दाताचं इंजेक्शन दिलं होतं तेव्हा?’ जिच्या तोंडून एक शब्द सुटला नव्हता ती बाई अडीच वर्षं स्वतःची उलटतपासणी घेत होती, आणि मी समोर बसून म्हणत होते, ‘नाही काकू, तुम्ही कशा बोलाल?’ ते म्हणताना माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच संपायचं. पुढचं वाक्य तुझं होतं आणि तू व्हिएन्नात होतास.

सुटून गावी आलेला गांचो शरदात मेला. दारूनं नेला त्याला, फार लवकर नेला असं कुणी म्हटलं नाही. म्हणून मावशी या हिवाळ्यात गावी परतली. काल तुझ्या आईनं मला गाडी काढायला लावली. निळा चांगला पोशाख, केस विंचरून घट्ट बांधलेले, मांडीवर अक्रोडाच्या हलव्याची थाळी. कार्लोवोपासून इथपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसली. दाराशी थाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘आत काही बोलू नकोस.’ आत शेजारपाजार, चुलतभावंडं, सगळं स्वयंपाकघर भरलेलं. तुझी आई सरळ मावशीसमोर गेली, तो वाकडा हात उचलला, ओठांना लावला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘वेलिके, गांचोला मीच सांगितलं. माफ कर मला.’

मी थाळी धरून उभी होते. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मावशी म्हणाली, ‘अडीच वर्षं मी देवाला म्हणत होते, कुणीही असू दे, मिन्का नसू दे. तेवढी एक आशा होती मला. तीही तू ठेवली नाहीस.’ आणि हात सोडवून घेतला. ‘माफ केलं’ म्हणाली नाही. परतताना गाडीत मी ओरडलेच, ‘काकू, हे काय केलंत तुम्ही?’ तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘न केलेल्या गोष्टीची माफी कशी मागतात ते मला येत नाही गं. म्हटलं, केली म्हणावं, मग तरी देईल.’

आज सकाळी मी एकटी इथे आले. नोंदींचा तो कागद मी इतकी वर्षं पुस्तकात घालून ठेवला होता, तो मावशीसमोर ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती डाव्या हातानं घेवडा निवडत होती. शेवटी विचारलं, ‘तुमच्यातला कोण?’ मी म्हटलं, ‘लिहिलं कामेननं. तपासलं मी. आणि गांचोला बोलावणं धाडलं तेही मी.’ ‘मिन्काला ठाऊक आहे?’ ‘नाही.’ तिनं उरलेला घेवडा निवडून संपवला आणि म्हणाली, ‘मग कळायचंही नाही. सख्ख्या बहिणीनं दगा दिला हे मी इतके दिवस गिळत होते. ते कसं लागतं ते मला विचार. पोटच्या पोरानं तोंड शिवून आपल्याला जळू दिलं, हे मी तिला गिळायला लावू? एकच पोर आहे तिला. मी सांगेन, साइटची चूक होती, इस्क्राची चूक होती. चालेल तुला?’ मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार होते? निम्मं तर खरंच आहे.

अकराच्या बसनं ती कार्लोवोला गेली, बहिणीकडे. डोक्याला चांगला रुमाल बांधून, काल तुझ्या आईनं आणलेला हलवा डब्यात घालून. जाताना मला टेबलाशी बसवलं, कागद पुढे सारला आणि म्हणाली, ‘त्याला लिही. मला पेन धरवत नाही.’ म्हणून मी हे तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. हे तुझ्या हातात पडेल तोवर तुझ्या आईचा फोन येऊन गेलेला असेल. तिनं माझ्या नावानं खडे फोडले असतील. माझ्यासाठी तिचं दार आता बंद झालं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं, तुला सोडताना वाटलं त्याहून जास्त वाटतं. तू फोनवर ‘हो आई, खरंय आई’ म्हटलं असशील. त्याची मला इतकी खात्री आहे की पत्र तातडीनं पाठवायची गरजच वाटत नाही. आणि फोन ठेवल्यावर तुला वाटलं असेल, सुटलो, कुणाला कळलं नाही. तसं वाटू नये म्हणून हे पत्र. ईस्टरला तू येशीलच, आईनं बोलावलं की येतोस. मावशी तिच्या शेजारी बसलेली असेल आणि डाव्या हातानं तुझ्या ताटात वाढेल. तुझी आई आनंदानं रडेल. तेव्हा तू मावशीच्या तोंडाकडे बघशील, आणि तिला सगळं माहीत आहे हे तुला माहीत असेल. तिनं एवढंच मागितलं आहे. माफी मागायला येऊ नकोस असं निक्षून सांगितलंय. ती तुझ्यासाठी तिच्याकडे नाही.

एकेकाळी तुझीच,
इस्क्रा